साथ आली, निधी कुठे अडला?

झिका, डेंग्यू आणि पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर जादा पैशासाठी सरकार सभागृहापुढं मांडतं त्या) या विषयांवर या वेळी बरीच पत्रं आली. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत, लांबलेली थोडी छाटली आहेत. उत्तरांत कलमं आणि लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी हिशेबातले खर्चाचे ठरलेले क्रमांक, दिली आहेत ती मुद्दाम. सरकारी टेबलापुढे "काहीतरी करा हो" म्हणण्यापेक्षा कलमाचा आकडा सांगितला, की समोरचा मान वर करून बघतो.

२०१६ साली झिकासाठी मागितलेला पैसा अमेरिकेच्या काँग्रेसनं सात महिने दिला नाही, असं वाचलं. डास मारायला कोणाचा विरोध असणार? मग अडलं कशावर?
— एक शिक्षिका, वडाळा

डास मारायला कोणाचाच विरोध नव्हता आणि गोम तिथंच आहे. ज्या विधेयकाला उघडपणे नाही म्हणायची कोणाची छाती नसते, त्याच्याच पाठीवर आपापली गाठोडी लादायला सगळे टपलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं १ फेब्रुवारी २०१६ला आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. २२ फेब्रुवारीला अध्यक्ष ओबामा यांनी सुमारे १.९ अब्ज डॉलर मागितले. मे महिन्यात काँग्रेसच्या वरच्या सभागृहानं, म्हणजे सिनेटनं, १.१ अब्ज मंजूर केले, तर खालच्या प्रतिनिधीगृहानं ६२.२ कोटी. भांडण नुसत्या आकड्याचं नव्हतं. सिनेट नवा पैसा द्यायला तयार होती. प्रतिनिधीगृहाचं म्हणणं, इबोलासाठी ठेवलेल्या आणि इतर रकमांतून वळवा. जूनमध्ये दोन्हींचा मेळ घालून १.१ अब्जांचा मसुदा आला, पण अटींसकट. साथीचा सर्वाधिक मार बसलेल्या, अमेरिकेच्याच अखत्यारीतल्या पोर्तो रिको बेटावर कुटुंबनियोजनाचं काम करणाऱ्या प्रमुख संस्थेला त्यातून पैसा मिळू नये अशी रचना, फवारणीवरच्या पर्यावरण नियमांना ढील, आणि माजी सैनिकांच्या दफनभूमीतल्या कॉन्फेडरेट ध्वजाचा (यादवी युद्धातल्या गुलामगिरीवादी दक्षिणी राज्यांच्या झेंड्याचा) वादही त्याच विधेयकात. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो आणि गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटवतो. म्हणजे गर्भनिरोधनाची साधनं हा इथं प्रतिबंधाचाच भाग होता आणि अट नेमकी त्यावर पडत होती. २८ जूनला सिनेटमध्ये मतं पडली ५२ विरुद्ध ४८. बहुमत होतं, पण तिथं चर्चा थांबवून पुढं जायला ६० मतं लागतात. जुलैत सभागृहं सात आठवड्यांच्या सुट्टीवर गेली. जुलैच्या अखेरीस मायामीच्या विनवूड भागात स्थानिक डासांमार्फत लागण सुरू झाल्याचं उघड झालं. शेवटी २८ सप्टेंबरला १.१ अब्ज मंजूर झाले आणि दुसऱ्या दिवशी सही. पोर्तो रिकोची ती अट तोवर गळाली होती.

मागणीपासून सहीपर्यंत २२० दिवस. झिका पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची वाढ उबदार हवेत सात ते दहा दिवसांत होते. तेवढ्या काळात डासांच्या वीसेक पिढ्या झाल्या असतील.

मधल्या काळात काम ठप्प नव्हतं, उसनवारीवर चाललं होतं. एप्रिलमध्ये प्रशासनानं ५८.९ कोटी डॉलर दुसरीकडून वळवले, त्यातले ५१ कोटी इबोलाचे. ऑगस्टमध्ये आणखी ८.१ कोटी, इतर संशोधनाच्या आणि कार्यक्रमांच्या वाट्यातून. अशा उसनवारीची किंमत ज्या खात्यातून पैसा गेला तिथं नंतर दिसते आणि तिची बातमी होत नाही. खरं तर 'सार्वजनिक आरोग्य आणीबाणी निधी' नावाचं एक खातं अमेरिकेत १९८०च्या दशकापासून होतं. २०१६ मध्ये त्यात शिल्लक होते ५७ हजार डॉलर, तेव्हाच्या दरानं ३८ लाख रुपये. तुमच्या वडाळ्यात एक खोलीसुद्धा आली नसती.

हाच कायदा, हीच सभागृहं. पण कोविडच्या वेळी २४ फेब्रुवारी २०२०ला २.५ अब्ज मागितले आणि ६ मार्चला ८.३ अब्जांवर सही झाली. भीती खासदारांच्या दारापर्यंत आली होती. ती ओसरल्यावर, २०२२च्या मार्चमध्ये, मागितलेले २२.५ अब्ज आधी १५.६ अब्जांवर आले आणि मग मोठ्या खर्चविधेयकातून ते कलमच काढून टाकलं गेलं.

आपल्या विधानसभेत असं होऊ शकतं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, गिरगाव

त्या पद्धतीनं नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २०३ प्रमाणे अनुदानाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीशिवाय येत नाही, म्हणजे ती फक्त सरकारच मांडू शकतं. आमदार ती मान्य करू शकतो, नाकारू शकतो, किंवा कपात सूचना देऊन कमी करायला सांगू शकतो. वाढवू शकत नाही आणि तिच्या शेपटाला आपली अट बांधू शकत नाही. कपात सूचना मंजूर झाली तर तो सरकारवरचा अविश्वासच समजला जातो, त्यामुळे सत्ताधारी बाकांवरून ती येत नाही. विधानपरिषदेला मागण्यांवर मतदान नाही. धनविधेयक ती फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते.

मग अडचण कुठली? अधिवेशनाच्या वेळापत्रकाची. वर्षात तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. कलम २०५ खालच्या पुरवणी मागण्या बहुधा या तिन्ही वेळी येतात. साथीला मात्र वेळापत्रक नाही. डेंग्यू-झिकाचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. तोवर पावसाळी अधिवेशन सहसा उरकलेलं असतं आणि हिवाळी डिसेंबरमध्ये. मार्च २०२०मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन कोविडमुळे आधीच गुंडाळलं. त्यानंतरचं पावसाळी अधिवेशन थेट ७ आणि ८ सप्टेंबरला, दोन दिवसांचं. संसदेनं २३ मार्च २०२०ला वित्त विधेयक चर्चेविना मंजूर केलं आणि घरचा रस्ता धरला.

उलट बाजूचा धोका आपल्याकडे मोठा. हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या गदारोळात, आवाजी मतदानानं, काही मिनिटांत पार पडतात. त्यांत साथीचे किती, रस्त्यांचे किती, हे कोणी विचारत नाही. मागण्यांची पुस्तिका वित्त विभागाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. तिच्यात सार्वजनिक आरोग्याचं लेखाशीर्ष २२१० शोधा; बांधकाम आणि यंत्रसामग्रीसाठी ४२१०. एखाद्या ओळीसमोर नाममात्र रक्कम दिसली तर हसू नका. ती लाक्षणिक मागणी असते: पैसा त्याच विभागात दुसरीकडे शिल्लक आहे, पण काम नवीन असल्यामुळे सभागृहाची संमती हवी आहे, असा तिचा अर्थ.

अधिवेशन नसेल आणि साथ उद्या आली तर सरकार पैसा काढणार कुठून?
— निवृत्त बँक कर्मचारी, दादर

चार खिसे आहेत, आणि प्रत्येकाची चेन वेगळी.

पहिला खिसा पुनर्विनियोजनाचा. एका लेखाशीर्षाखाली न खर्चलेला पैसा त्याच मागणीतल्या दुसऱ्या शीर्षाकडे वळवायचा. सगळ्यांत जलद, पण नवीन बाबीसाठी चालत नाही आणि महसुली (रोजचा खर्च) ते भांडवली (इमारती, यंत्रं) अशी उडी मारता येत नाही. ४ मे २०२०ला वित्त विभागानं सगळ्या विभागांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असा शासन निर्णय काढला आणि सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण अशा मोजक्या विभागांना त्यातून वगळलं. आरोग्याला पैसा शिल्लक ठेवायचा तर इतरांचे नळ आवळायचे, असं ते तत्त्व.

दुसरा, राज्याचा आकस्मिकता निधी, कलम २६७. महाराष्ट्रात त्याची कायम मर्यादा १५० कोटी. मुंबईसारख्या एका शहरातली मोठी साथही त्यात भागत नाही, म्हणून गरजेप्रमाणे अध्यादेश काढून ती मर्यादा तात्पुरती वाढवली जाते. अध्यादेशाला मंत्रिमंडळाचा सल्ला आणि राज्यपालांची सही पुरते. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा व्हावा लागतो, नाहीतर तो संपतो. या निधीतून मिळते ती उचल. पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागणी आणून ती परत भरायची. तुमच्या भाषेत ओव्हरड्राफ्टच म्हणा. केंद्रानं आपल्या अशाच निधीची मर्यादा २०२१मध्ये ५०० कोटींवरून एकदम ३०,००० कोटी केली. धडा कशातून घेतला ते सांगायला नको.

तिसरा खिसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ४८. यात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. ग्यानबाची मेख अशी की हा पैसा अधिसूचित आपत्तीलाच मिळतो. त्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, पूर, भूकंप, गारपीट, दरड, ढगफुटी, इतकंच काय पिकांवरची कीड आणि कडाक्याची थंडीही आहे. विषाणू नाही. म्हणजे शेतावर टोळ उतरले तर पैसा तयार, माणसांत साथ आली तर आधी पत्रव्यवहार. म्हणून १४ मार्च २०२०ला केंद्रानं खास पत्र काढून कोविडला या निधीपुरती अधिसूचित आपत्ती मानलं, आणि तेही टक्केवारीत बांधून: विलगीकरण, नमुने, तपासणी यांवर वर्षाच्या वाट्याच्या २५ टक्क्यांपर्यंत, यंत्रसामग्रीवर १० टक्के. सप्टेंबर २०२०मध्ये ही एकूण ३५ टक्क्यांची मर्यादा ५० झाली. केंद्राच्या यादीत नसलेल्या, पण राज्यानं स्वतः ठरवलेल्या आपत्तीसाठी निधीच्या १० टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो. हे कलम साथीसाठी आधीच घोषित करून ठेवलं, तर दिल्लीच्या पत्राची वाट पाहावी लागणार नाही. आमच्या मते सगळ्यांत कमी खर्चाची सुधारणा हीच.

चौथा, जिल्हा नियोजन समिती आणि आमदार निधी. २०२१च्या एप्रिलमध्ये जिल्हा नियोजनाचा ३० टक्के निधी कोविडला आणि आमदार निधीतल्या चार कोटींपैकी एक कोटी कोविडकामांना वापरायला मुभा दिली होती. रक्कम लहान, पण निर्णय पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी पातळीवर होतो, म्हणून ऑक्सिजन प्रकल्पासारख्या एकेका कामाला उपयोगी. खासदार निधी त्या काळात केंद्रानं थांबवलाच होता.

साथरोग कायदा लागू केला की पैशाचा प्रश्न आपोआप सुटत नाही का?
— वकिलीचा विद्यार्थी, मुलुंड

नाही. १८९७चा साथरोग कायदा अधिकार देतो, निधी नाही. त्याच्या कलम २ मध्ये एवढंच म्हटलंय, की झालेला खर्च आणि नुकसानभरपाई कोणी आणि कशी द्यायची हे सरकार ठरवेल. बिल कोणाच्या नावानं फाडायचं ते ठरलं. पैशाचं पाकीट रिकामंच.

हा कायदा मुंबईचंच अपत्य. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ६ ऑक्टोबरला पालिका आयुक्तांनी १८८८च्या महापालिका कायद्यातल्या कलम ४३४च्या आधारे घरांत शिरण्याचे, रुग्ण हलवण्याचे हुकूम काढले. एवढे अधिकार आहेत का, यावर शहरात रण पेटलं, आणि ४ फेब्रुवारी १८९७ला नवा कायदा झाला. वाद अधिकाराचा होता, म्हणून कायदाही अधिकाराचाच निघाला.

पालिकेच्या हजारो कोटींच्या ठेवी आहेत. मग किटकनाशकाला, किटला, खाटांना फाईल का फिरावी लागते?
— किराणा दुकानदार, लालबाग

ठेवी म्हणजे मोकळा पैसा नव्हे. त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह आणि निवृत्तिवेतनाचा, कंत्राटदारांच्या अनामतीचा, आधीच हाती घेतलेल्या प्रकल्पांना बांधलेला. आणि बांधील नसलेला पैसाही अर्थसंकल्पात तरतूद असल्याशिवाय खर्च करता येत नाही. तुमच्या गल्ल्यासारखं नाही ते. पालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, तरी नियम तोच.

ठरावीक रकमेवरच्या कंत्राटाला महापालिका कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे स्थायी समितीची आधी मंजुरी हवी. मार्च २०२०मध्ये स्थायी समितीनं कोविडखर्चासाठी हे अधिकार प्रशासनाला देऊन टाकले. नंतर हिशेब समितीपुढे ठेवायचा, या बोलीवर. काम वेगानं झालं, हिशेबावर वर्षानुवर्षं वाद झाले. ऑक्टोबर २०२२मध्ये राज्य सरकारनं पालिकेची सुमारे १२ हजार कोटींची कामं कॅगकडे तपासायला दिली तेव्हा, कोविडचा खर्च साथरोग आणि आपत्ती कायद्याखाली झाला, तो तपासता येणार नाही, अशी भूमिका पालिकेनं घेतली. आधी सूट देणारा ठराव लिहितानाच त्यात मुदत, रकमेची कमाल मर्यादा आणि पंधरा दिवसांनी दरांची यादी जाहीर करायची अट घातली, तर हा वाद टळतो. ७ मार्च २०२२ला पालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं प्रशासकच होता. तेव्हा प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. कोंडी शून्य, प्रश्नही शून्य. हे चांगलं झालं असं आम्ही म्हणणार नाही.

एक वाट अनेकांच्या लक्षात येत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातलं हजारेक खाटांचं पहिलं जंबो कोविड केंद्र एमएमआरडीएनं उभारलं, मुलुंडचं सिडकोनं, दहिसरचं मेट्रो महामंडळानं. या संस्थांचा पैसा विधानसभेच्या अनुदानातून येत नाही, त्यामुळे पुरवणी मागणीची वाट बघावी लागली नाही. मुंबईला हे जमलं. गडचिरोलीत अशी श्रीमंत प्राधिकरणं नाहीत.

साथीचा विमा काढून ठेवता येत नाही का?
— विमा एजंट, डोंबिवली

जागतिक बँकेनं करून पाहिला. पँडेमिक इमर्जन्सी फायनान्सिंग फॅसिलिटी नावाचे रोखे निघाले. काँगोतल्या २०१८च्या इबोला साथीत हजारोंना लागण झाली, पण किती देशांत किती मृत्यू हवेत याची अट पूर्ण झाली नाही म्हणून विम्याचा पैसा आला नाही. कोविडमध्ये अटी ३१ मार्च २०२०ला पूर्ण झाल्या आणि सुमारे १९.६ कोटी डॉलर अनेक गरीब देशांत वाटले गेले. योजना पुढं बंद झाली. घर जळून खाक झाल्यावरच बंब सोडायचा, अशी पॉलिसी तुम्ही तरी विकाल का?

आमच्या प्रयोगशाळेसाठी निधी मंजूर झाल्याचं वर्तमानपत्रात येतं आणि किट हातात पडायला महिने जातात. मधे नेमकं काय होतं?
— प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परळ

याचं उत्तर लांब आहे, कारण आपल्याकडची खरी कोंडी इथं होते.

मागणी मंजूर होते, तिजोरीतून पैसा काढायची परवानगी देणारा विनियोजन कायदा होतो. मग वित्त विभाग आरोग्य विभागाला निधी सोडतो, तो बीम्स या संगणकप्रणालीवर दिसतो. तिथून नियंत्रक अधिकारी, तिथून तुमच्या संस्थेचा आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पैसा काढून वाटणारा. बीम्सवर रक्कम उमटेपर्यंत वर्तमानपत्रातल्या बातमीला काही अर्थ नाही. म्हणून फोन करताना "मंजूर झालं का" असं विचारू नका, "बीम्सवर आलं का, कोणत्या उपशीर्षाखाली" असं विचारा. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, निविदा, दर उघडणं, पुरवठा आदेश, माल तपासून साठानोंद, आणि मग देयक कोषागारात. पालिकेच्या प्रयोगशाळेत बीम्स नाही, बाकी जिने तेच.

पहिला घोटाळा एकाच चाचणीच्या तीन फाईलींचा. आरटी-पीसीआर यंत्र भांडवली खर्च, शीर्ष ४२१०. किट, टिप्स, नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या (व्हीटीएम) नळ्या उपभोग्य साहित्य, शीर्ष २२१०. कंत्राटी तंत्रज्ञाचा पगार तिसरीकडे, बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून. तीनपैकी दोन आल्या तरी चाचणी शून्य. यंत्र खोक्यात, कारण वातानुकूलित खोलीचं आणि अखंड वीजपुरवठ्याचं काम बांधकाम खात्याच्या चौथ्या फाईलीत. म्हणून मागणीपत्र लिहिताना एका चाचणीमागं लागणारं सगळं एकाच तक्त्यात मांडा: किती नमुने रोज, त्याला किती किट, किती नळ्या, उणे २० अंशांचा किती लिटरचा फ्रीजर, किती माणसं, किती पाळ्या. तक्ता एक असला की मंत्रालयातला अवर सचिवही तुकडे पाडायला कचरतो.

दुसरा घोटाळा दराचा. साथीच्या सुरुवातीचा भाव धरून मागणी केली तर ती पैसा येईपर्यंत हास्यास्पद होते. कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीचा कमाल दर मार्च २०२०मध्ये ४,५०० रुपये होता. महाराष्ट्रात खासगी प्रयोगशाळांसाठी तो जूनमध्ये २,२००, ऑक्टोबरमध्ये ९८०, आणि मार्च २०२१च्या अखेरीस ५०० झाला. एका वर्षात नऊपट घसरण. पहिल्या दरानं वर्षभराची खरेदी ज्यानं बांधून घेतली, त्याची नंतर चौकशी होणारच. म्हणून पुरवठा आदेश टप्प्यांचा द्या, सहा-सहा आठवड्यांचा, आणि बाजारभाव उतरला तर पुरवठादारानं दर उतरवायचा ही अट लिहा. माल पोचेल त्या दिवशी किमान तीनचतुर्थांश आयुष्य शिल्लक हवं, हेही लिहा. नाहीतर गोदामं रिकामी करताना कालबाह्य होत आलेला साठा आणीबाणीच्या नावानं तुमच्याकडे येतो.

तिसरा घोटाळा निविदेला फाटा देण्याचा. आपत्ती कायद्याचं कलम ५० सांगतं, की तातडीची गरज आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला पटली तर विभाग निविदेविना खरेदी करू शकतो. बऱ्याच जणांना तेवढंच वाक्य पाठ असतं. त्याचा दुसरा अर्धा भाग असा, की नियंत्रक अधिकाऱ्यानं साहित्य वापरल्याचं प्रमाणपत्र दिलं, की ते हिशेबासाठी वैध व्हाउचर मानलं जातं. ते प्रमाणपत्र त्याच दिवशी, नगसंख्या आणि लॉट क्रमांकासह करून ठेवायचं. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं प्रमाणपत्र लेखापरीक्षकाला पहिल्या नजरेत कळतं. आणि निविदेविना घेतलेल्या मालाचा दर योग्य कसा, याची किमान दोन तुलनेची पत्रकं फाईलला जोडा. कायद्यात ती लागत नाहीत, चौकशीत लागतात.

चौथी अडचण मार्च एंड. फेब्रुवारीत बीम्सवर आलेला पैसा ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे न वापरल्यास हातचा जातो. घाईनं घेतलं तर चुकीचं येतं, नाही घेतलं तर "तुम्हाला गरजच नव्हती" असं पुढच्या वर्षी ऐकावं लागतं. यावर औषध एकच: साथ नसताना दरकरार करून ठेवायचा. वस्तू, तपशील, दर, पुरवठ्याचे दिवस ठरलेले. पैसा आला की फक्त संख्या टाकून आदेश. राज्याची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत होत होती. २०२३च्या कायद्यानं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. यंत्रणा बदलते त्या संधिकालात जुने दरकरार संपतात आणि नवे झालेले नसतात. तुमच्या यादीतल्या वस्तूंचा दरकरार कधी संपतो ती तारीख भिंतीवर लावून ठेवा.

ऑगस्ट २०२३मध्ये चेंबूरमध्ये झिकाचा रुग्ण सापडला तेव्हापासून आमच्या सोसायटीत धूरफवारणीची मागणी आहे. निधी नाही म्हणून फवारणी होत नाही का?
— सोसायटीचे सचिव, चेंबूर

धुरानं उडता डास मरतो, पाण्यातली अळी तशीच राहते, आणि एडिस घरात, कपाटामागं, पलंगाखाली बसतो, तिथं बाहेरचा धूर पोचत नाही. फवारणी दिसते, म्हणून लोकांना आवडते आणि नगरसेवकालाही.

तुमच्या हातातलं काम निधीवर अडत नाही. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं स्क्रूनं बंद, ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी, ताडपत्रीच्या खोलगटात साचलेलं पाणी, मनीप्लांटची बाटली, फ्रीजमागचा ट्रे, लिफ्टचा खड्डा. आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळं कोरडं, कारण सात दिवसांत अळीचा डास होतो. पाणी नुसतं ओतू नका, भांडं घासा. अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. कारंजं किंवा हौद असेल तर कीटकनाशक विभागाकडून गप्पी मासे मागा, मिळतात. गर्भवती असलेल्या घरांना आधी सांगा. आणि टाक्यांपर्यंत जायची शिडी नीट करून घ्या. पालिकेचा माणूस येतो, शिडी मोडकी बघून शेरा मारून जातो, आणि मग नोटीस तुमच्या नावानं येते.

आमच्या भागातल्या दवाखान्याला मिळालेला साथीचा निधी कुठं अडकला ते सामान्य माणसाला कसं कळेल?
— गृहिणी, बोरिवली

माहिती अधिकारात. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज होतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. बरेच अर्ज इथंच बाद होतात, कारण लोक आधी कैफियत लिहितात. तुम्ही कारण लिहू नका, तारखा मागा: दवाखान्यानं मागणीपत्र कधी पाठवलं, प्रशासकीय मान्यता कधी, निधी वितरित कधी, पुरवठा आदेश कधी, माल कधी स्वीकारला, देयक कधी अदा झालं. सहा तारखा आणि प्रत्येकीमागच्या कागदाची प्रत. वाक्य एवढंच पुरे. पालिकेचा दवाखाना असेल तर अर्ज पालिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याला, ते परळला एफ दक्षिण कार्यालयात आहे. सरकारी रुग्णालय असेल तर आरोग्य विभागाला. चुकीच्या ठिकाणी गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत पुढं पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबू नका.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्याच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. प्रतींना पानाला २ रुपये पडतात. जाडजूड फाईल असेल तर आधी ती पाहायला मागा, आणि टिपणीची पानं वगळून फक्त पत्रव्यवहार दाखवत असतील तर ती पानंही मागा. कोणत्या टेबलावर फाईल किती दिवस होती, ते सह्यांखालच्या तारखांवरून कळतं.